उद्योजक गव्हर्नर होतो तेव्हा: युक्रेनमधली कारकीर्द कशी वाचायची

नोकरीत मी हिशेबतपासनीस होते. आता मराठी वाचकांसाठी पूर्व युरोपातल्या सार्वजनिक माणसांच्या छोट्या चरित्रनोंदी लिहिते. त्यात मला सर्वांत जास्त रस युक्रेनमधल्या उद्योजक-गव्हर्नरांत. माणूस एकच असतो, पण त्याच्या वह्या दोन असतात, धंद्याची एक आणि सरकारची एक. दोन्ही समोरासमोर ठेवल्याशिवाय ताळा बसत नाही. अशी नोंद लिहायची असेल, किंवा नुसता बातमीचा अर्थ लावायचा असेल, तर मी कसं काम करते ते सांगते. उदाहरण मुख्यतः विताली किम यांचं घेते. मिकोलाइव प्रांताचे हे गव्हर्नर २०२२ च्या वसंतात जगभर ओळखीचे झाले. म्हणूनच त्यांची नोंद लिहिताना घसरायला भरपूर वाव आहे.

सुरुवात व्हिडिओपासून करू नका. मुलाखतीपासूनही नको. आधी नेमणुकीचा हुकूम शोधा. युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांचे हुकूम त्यांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि तारखेसह मिळतात. शोध मात्र युक्रेनियन लिपीतल्या नावानेच घ्या. किम यांच्या नेमणुकीची तारीख २५ नोव्हेंबर २०२०, सही व्होलोदिमिर झेलेन्स्की यांची. पदाचं अधिकृत नाव ‘प्रांतिक राज्य प्रशासनाचे प्रमुख’. कागदावर ‘गव्हर्नर’ कुठेच नसतं, तो बोलण्यातला शब्द. तिकडच्या बातम्यांत या कार्यालयाला आद्याक्षरांवरून ‘ओडा’ म्हणतात.

हा हुकूम आधी वाचायचा, कारण कारकिर्दीचा सगळा तोल त्यावर आहे. युक्रेनच्या १९९६ च्या राज्यघटनेतलं कलम ११८ सांगतं की प्रांताचा प्रशासनप्रमुख मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि तोच काढतो. लोक त्याला मत देत नाहीत. लोक निवडतात ती प्रांतिक परिषद. त्या परिषदेला प्रमुखावर अविश्वास दाखवता येतो, आणि तो दोनतृतीयांश सदस्यांनी दाखवला तर राष्ट्राध्यक्षांना त्याच्या राजीनाम्याचा निर्णय घ्यावाच लागतो. एरवी खुर्चीचे पाय कीवमध्ये असतात. त्यामुळे ‘लोकप्रिय उद्योजक, लोकांनी डोक्यावर घेतलं, म्हणून गव्हर्नर झाला’ असं वाक्य कुणी लिहिलेलं दिसलं की मी पुढचं सगळं संशयाने वाचते.

हुकुमाची तारीख मिळाली की तिच्या मागेपुढे काय घडलं ते पाहा. किम यांच्या बाबतीत ठीक एक महिना आधी, २५ ऑक्टोबर २०२० ला, देशभर स्थानिक निवडणुका झाल्या होत्या. ‘स्लुहा नारोदू’ या झेलेन्स्कींच्या पक्षाने मिकोलाइवच्या प्रांतिक परिषदेसाठी दिलेल्या यादीत किम यांचं नाव होतं. म्हणजे ते बाजारातून उचलून थेट खुर्चीवर बसवलेले नव्हते. धंदा आणि पद यांच्यामध्ये पक्षाची एक पायरी होती. अशी मधली पायरी जवळपास प्रत्येक कारकिर्दीत सापडते आणि प्रसिद्ध परिचयांत तीच गळते, कारण ‘उद्योजक ते गव्हर्नर’ ही उडी ऐकायला छान वाटते.

आधीच्या माणसांकडेही एक नजर टाका. २०१६ पासून काही वर्षं ही पदं स्पर्धेने भरण्याचा नियम होता. मिकोलाइवमध्येच २०१६ ला ओलेक्सी सावचेन्को अशी स्पर्धा जिंकून आले होते. झेलेन्स्की २०१९ मध्ये सत्तेवर आले, सावचेन्को गेले, त्यांच्या जागी ओलेक्सान्द्र स्ताद्निक आले आणि एक-सव्वा वर्षात तेही गेले. स्पर्धेची अट तोवर निघून गेली होती. किम आले ते या फिरत्या दारातून. तेव्हा त्यांच्याविषयी कुणी ‘दीर्घ काळ टिकणार’ असं लिहिलं असतं तर धाडसाचं ठरलं असतं.

आता धंद्याची वही.

युक्रेनमध्ये माणसाच्या धंद्याचा माग काढायला सरकारी कंपनी-नोंदवही आहे. प्रत्येक संस्थेला आठ आकडी संकेतांक असतो. नावावरून शोधण्यापेक्षा या संकेतांकावरून शोधा, कारण सारख्या नावाच्या कंपन्या ढिगाने सापडतात. तिथे तीन गोष्टी पाहायच्या: संचालक कोण, संस्थापक कोण, आणि ‘अंतिम लाभार्थी मालक’ म्हणून कुणाचं नाव आहे. तिसरा रकाना सर्वांत बोलका. एकट्याच्या नावावरचा धंदा ‘फोप’ म्हणून नोंदलेला असतो, मर्यादित जबाबदारीची कंपनी ‘तोव’ म्हणून. आईच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावरचे ‘फोप’ पाहायला विसरू नका. हे मी कुणावर संशय म्हणून सांगत नाही. जगातल्या कुठल्याही छोट्या धंद्यात घर आणि दुकान एकमेकांत मिसळलेलं असतं, तसंच तिथेही असतं.

दुसरा कागद म्हणजे मालमत्तेचं विवरण. भ्रष्टाचार-प्रतिबंधासाठीची राष्ट्रीय संस्था, तिकडच्या आद्याक्षरांत ‘नाझक’, हे विवरणपत्रांचं दालन चालवते. २०१६ पासून अधिकाऱ्यांना घर, जमीन, गाडी, रोकड, कंपनीतले हिस्से, घरच्यांचं उत्पन्न हे सगळं तिथे भरावं लागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर हे दालन लोकांसाठी बंद झालं. ते पुन्हा उघडण्यावरून २०२३ मध्ये मोठा गदारोळ झाला. संसदेने ते आणखी वर्षभर बंद ठेवण्याची सोय करणारा कायदा केला, त्याविरुद्धच्या अर्जावर पाहता पाहता ८३ हजारांहून जास्त सह्या पडल्या आणि झेलेन्स्कींनी नकाराधिकार वापरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुधारित कायद्यावर सही झाली आणि वर्षअखेरीस दालन उघडलं. म्हणजे २०२२-२३ मधल्या लेखांत ‘मालमत्ता जाहीर नाही’ असं वाचलं तर लगेच भुवया उंचावू नका, तेव्हा कुणाचीच दिसत नव्हती. आणि आज कुणी तेच वाक्य लिहीत असेल, तर त्याने दालन उघडून पाहिलंय का ते विचारा.

विवरण वाचताना माझी सवय अशी: एकाच वर्षाचं कधीच वाचायचं नाही. पद मिळण्याआधीचं शेवटचं, पद मिळाल्यानंतरचं पहिलं आणि त्यापुढची दोन, एवढी शेजारी मांडते. कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याने पद स्वीकारल्यावर आपले कंपनीतले हिस्से ठराविक मुदतीत दुसऱ्याच्या व्यवस्थापनाकडे सोपवायचे असतात. ते कुणाकडे सोपवले हे नाव वहीत लिहून ठेवते. पुढे हेच नाव सरकारी खरेदीत दिसतं का? त्यासाठी ‘प्रोझोरो’ आहे. युक्रेनची सरकारी खरेदी ऑगस्ट २०१६ पासून या इलेक्ट्रॉनिक मंचावरून व्हावी असा नियम आहे, आणि निविदा, बोली लावणारे, किंमत हे सगळं बाहेरच्या माणसालाही पाहता येतं. आमच्या वेळी अशी सोय असती तर माझे चष्म्याचे दोन नंबर वाचले असते.

किम यांच्या धंद्याच्या वर्षांवर लिहिताना मी जागा थोडी ठेवते, कारण तिथे खात्रीने सांगण्यासारखं मोजकंच आहे: जन्म मिकोलाइवचा, १३ मार्च १९८१, वडिलांकडून कोरियन वंश, शिक्षण तिथल्याच अॅडमिरल माकारोव जहाजबांधणी विद्यापीठात अर्थशास्त्राचं, आणि मग त्याच शहरात उद्योजक म्हणून वावर. पण शहरावर मात्र दोन परिच्छेद खुशाल खर्च करा. मिकोलाइव हे सोव्हिएत काळातलं जहाजांचं शहर. तिथल्या ब्लॅक सी शिपयार्डमध्ये सोव्हिएत नौदलाच्या विमानवाहू नौका बांधल्या गेल्या. अर्धवट राहिलेली ‘वार्याग’ पुढे चीनने घेतली आणि तिची ‘लिआओनिंग’ केली. १९९१ नंतर गोद्यांना उतरती कळा लागली. जहाजबांधणी विद्यापीठाची पदवी घेऊन मुलगा व्यापारात जातो, यात त्या पिढीपुरतं नवल काहीच नाही. ‘अभियंत्यांच्या शहरातला हा वेगळा’ असं लिहिणारा शहराचा इतिहास न वाचता लिहितो.

आणखी एक तपासणी: प्रांतातला सर्वांत मोठा व्यापारी कोण, आणि तो गव्हर्नर का झाला नाही? मिकोलाइवमध्ये हे उत्तर ओलेक्सी वादातुर्स्की. ‘निबुलोन’ या धान्यव्यापाराच्या प्रचंड कंपनीचे संस्थापक. नदीकाठची कोठारं, स्वतःच्या बोटी, सगळं उभं केलं. गव्हर्नरपदावर ते कधीच बसले नाहीत. ३१ जुलै २०२२ च्या रशियन माऱ्यात ते आणि त्यांच्या पत्नी मिकोलाइवमधल्या आपल्या घरी ठार झाले. किम यांच्या शेजारी वादातुर्स्कींचं नाव ठेवलं की ‘उद्योजक’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या उंचीची माणसं उभी आहेत ते कळतं.

हा फरक आणखी ठळक करायचा तर २०१४ ची लाट वाचायलाच हवी. किम यांची नोंद त्यांच्या आधीच्या या मंडळींशिवाय अपुरी राहते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच पळाले, पूर्वेत राज्ययंत्रणा ढासळायला लागली, आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष ओलेक्सान्द्र तुर्चिनोव यांनी मार्चमध्ये सरळ धनाढ्यांना प्रांत दिले. द्निप्रोपेत्रोव्स्क मिळाला इहोर कोलोमोइस्कींना, ज्यांच्या हातात तेव्हा प्रिवातबँक होती. दोनेत्स्क मिळाला पोलादवाले सेर्ही तारुता यांना. ओदेसात मे महिन्यात इहोर पालित्सिया आले. इथे मागणी सरकारची होती. तिजोरी रिकामी, पोलीस डळमळीत, तेव्हा ज्याच्याकडे माणसं आणि पैसा आहे त्यालाच खुर्ची द्या, असा तो व्यवहार. कोलोमोइस्कींनी ‘द्निप्रो-१’सारख्या स्वयंसेवी तुकड्यांना पैसा पुरवला, आणि द्निप्रो हातचा गेला नाही. तारुतांना ते जमलं नाही. दोनेत्स्क शहरच गेलं, प्रशासन मारिउपोलला हलवावं लागलं, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांच्या जागी एक सेनाधिकारी आला.

कोलोमोइस्कींचा शेवट तर प्रत्येक नवशिक्याने तारखांसह वाचावा. मार्च २०१५ मध्ये ‘उक्रट्रान्सनाफ्ता’ या सरकारी तेलवाहिनी कंपनीचा प्रमुख बदलला, तेव्हा गव्हर्नर स्वतः रात्री तिच्या कार्यालयात पोचले. मग ‘उक्रनाफ्ता’ या, त्यांचा मोठा हिस्सा असलेल्या तेलकंपनीच्या इमारतीत सशस्त्र माणसं दिसली. काही दिवसांत राष्ट्राध्यक्ष पेट्रो पोरोशेंको यांनी त्यांना पदावरून मोकळं केलं. दोन्ही वह्या उघडउघड एकमेकींवर आदळल्या त्या या आठवड्यात. डिसेंबर २०१६ मध्ये प्रिवातबँक सरकारने ताब्यात घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये फसवणूक आणि काळा पैसा पांढरा केल्याच्या संशयावरून कोलोमोइस्कींना कोठडीत टाकलं. गव्हर्नरपदाची त्यांची जेमतेम वर्षभराची कारकीर्द या सगळ्याच्या मध्ये ठेवून वाचा. एकटी काढून वाचली तर ती निव्वळ देशभक्तीची गोष्ट दिसते. तशी ती होतीही, पण तेवढीच नव्हती.

अशा माणसाचे उपप्रमुख कोण होते हेही टिपा. कोलोमोइस्कींबरोबर हेन्नादी कोर्बान आणि बोरिस फिलातोव आले. फिलातोव २०१५ मध्ये द्निप्रोचे महापौर म्हणून निवडून आले आणि साहेबांपेक्षा जास्त टिकले. धंद्यातून येणारा माणूस आपली माणसं घेऊन येतो. ती कुठून आली आणि तो गेल्यावर कुठे गेली, यावरून त्याने प्रशासन चालवलं की आपलं कार्यालयच तिकडे हलवलं, याचा अंदाज येतो.

आता युद्धाचा काळ. इथे हात सर्वांत जपून चालवायचा. २४ फेब्रुवारी २०२२ ला हल्ला सुरू झाला त्याच दिवशी झेलेन्स्कींच्या हुकुमाने प्रांतिक प्रशासनांची लष्करी प्रशासनं झाली. ‘ओडा’ची ‘ओवा’ झाली, प्रमुख तेच राहिले. त्यामुळे किम यांना कुणी ‘सेनापती’ लिहिलं तर खोडा. मिकोलाइवच्या लष्करी संरक्षणाची जबाबदारी मेजर जनरल द्मित्रो मार्चेन्को यांच्याकडे होती. शहराचा कारभार महापौर ओलेक्सान्द्र सेन्केविच यांच्याकडे, आणि तेही उद्योजकच, आयटी क्षेत्रातून आलेले, मात्र २०१५ पासून लोकांच्या मतांवर निवडून येणारे. कागदावर तीन रकाने करा: सेनेचं काम, शहराचं काम, प्रांताचं काम. मग प्रत्येक बातमी योग्य रकान्यात टाका. एप्रिल २०२२ मध्ये द्निप्रो नदीतून येणारी जलवाहिनी तुटली आणि पुढे मिकोलाइवच्या नळांना खारट पाणी यायला लागलं. या एकाच संकटात तिन्ही रकाने भरतात, आणि श्रेय किंवा दोष एकाच माणसाच्या नावावर लावणारे लेख उघडे पडतात.

मग किम यांनी काय केलं? लोकांशी बोलले. हे कमी समजू नका. मार्चमध्ये रशियन फौजा शहराच्या वेशीपर्यंत आल्या होत्या. ओदेसाकडे जायचा रस्ता दक्षिण बूह नदीवरच्या वार्वारिव्का पुलावरून जातो, म्हणून या शहराचं पडणं म्हणजे नुसतं एक शहर पडणं नव्हतं. अशा दिवसांत किम ‘शुभ संध्याकाळ, आम्ही युक्रेनमधून आलोय’ या, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असलेल्या वाक्याने सुरुवात करून छोटे व्हिडिओ टाकत, हसत, शत्रूची टर उडवत. रस्त्यांत अडथळ्यांसाठी जुने टायर जमा करा, असं सांगत. २९ मार्च २०२२ च्या सकाळी क्षेपणास्त्राने त्यांच्याच प्रशासनाच्या नऊमजली इमारतीला मधोमध भगदाड पाडलं. ३७ जण गेले. किम तेव्हा इमारतीत नव्हते. व्हिडिओ त्यानंतरही थांबले नाहीत, मात्र ते त्या तारखेच्या आधीचे की नंतरचे हे पाहून वाचा. सूर तोच असला तरी वजन बदललेलं दिसतं.

एक बारीक गोष्ट मला हिशेबतपासनीस म्हणून टोचते. २०१४ मध्ये कोलोमोइस्कींच्या प्रशासनाने पकडून दिलेल्या प्रत्येक ‘हिरव्या माणसा’मागे (बिनचिन्हाच्या गणवेशातल्या रशियन सैनिकांना तेव्हा असं म्हणत) १० हजार डॉलर जाहीर केले होते. २०२२ च्या उन्हाळ्यात किम यांनी शत्रूला ठिकाणं कळवणाऱ्यांची माहिती देणाऱ्याला १०० डॉलर जाहीर केले, आणि ऑगस्टमध्ये अशा लोकांना हुडकायला शनिवार-रविवार धरून सलग संचारबंदीही लावली. दोघांनाही भाव जाहीर करणं सुचलं, यात धंद्याची सवय दिसते असं माझं मत. पण नोंदीत मत लिहायच्या आधी एक प्रश्न सोडवा: रक्कम कुणाच्या खिशातली? गव्हर्नरच्या, प्रांताच्या, की देणगीदारांच्या? हे उत्तर मिळेपर्यंत मी दोन रकमा शेजारी मांडते आणि पेन खाली ठेवते.

प्रांत मुक्त झाला की नाही हेही नकाशावर बघून लिहा. १० नोव्हेंबर २०२२ ला स्निहुरिव्का परत मिळालं, दुसऱ्या दिवशी शेजारचं खेरसोन शहर. बातम्यांनी लगेच ‘संपूर्ण मिकोलाइव मुक्त’ लिहिलं. पण समुद्रात घुसलेला किनबुर्नचा चिंचोळा पट्टा याच प्रांताचा, आणि तो रशियाच्या ताब्यात राहिला. किम स्वतः आपल्या बोलण्यात हा अपवाद सांगत आले आहेत. त्यांची स्तुती करणाऱ्यांनी तरी तो गाळू नये.

शेवटी बडतर्फी. गव्हर्नर गेला म्हणजे पापाचा घडा भरला असं धरू नका. २४ जानेवारी २०२३ ला एका दिवसात पाच प्रांतांचे प्रमुख गेले: द्निप्रोपेत्रोव्स्क, झापोरिझ्झिया, कीव प्रांत, सुमी आणि खेरसोन. पाचही नावं एकाच बातमीत, एकाच सुरात छापून आली. त्यातले कीव प्रांताचे ओलेक्सी कुलेबा थेट राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात उपप्रमुख झाले, म्हणजे बढतीच. बाकीच्यांचं काय झालं ते एकेकाचं वेगळं शोधावं लागतं. म्हणून पदमुक्तीचा हुकूम मिळाला की त्यानंतरच्या काही आठवड्यांतले नेमणुकीचे हुकूमही चाळा. माणूस कुठे उगवतो ते पाहून मगच ‘हकालपट्टी’, ‘राजीनामा’ की ‘बदली’ यातला शब्द निवडा.

पदावर असलेल्या माणसाची नोंद लिहीत असाल, तर शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवा आणि नोंद ज्या दिवशी तपासली तो दिवस खाली लिहा. मी दर तिमाहीला हुकुमांचं पान उघडून किम यांचं नाव घालते, आणि नवं विवरण आलेलं असलं तर मागच्या वर्षाशेजारी मांडते. काही बदललं नसेल तर फक्त तपासल्याची तारीख बदलायची.